जुनं काढायचं नव्हतं

आटगावला आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो दादामुळे. कल्याणला त्याच्या ऑफिसात मशिनं बदलली, तेव्हा एक जुनं त्याला मिळालं. त्यात मशीन चालवायला लिनक्स होतं आणि पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा आधीपासूनच घातलेली होती. दादा काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायचा आणि आई शेजारी तांदूळ निवडत बसायची.

आईचं माहेर वैशाखऱ्याचं. तिच्या बोलण्यातले शब्द दादा गोळा करत होता. भातशेतीतले राब, आवण हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. पण खाचराचा बांध नुसता खचला तर त्याला एक शब्द, फुटला तर दुसरा, असे तिच्याकडे कितीतरी होते. इंग्रजी अक्षरांत तो ते मशीनमध्येच लिहून ठेवी. शोधायला त्यानं एक छोटा प्रोग्रॅमही केला होता.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला लागले तोवर घरचं पायथन मागं पडलं होतं. वर्गातले प्रोग्रॅम त्यावर चालेनात. मी नव्या व्हर्जनची सीडी आणली. दादाच्या किडन्या तेव्हा जवळजवळ गेल्या होत्या, फार वेळ बसवत नव्हतं.

"जुनं काढू नको," तो पडल्या पडल्या म्हणाला. "ते मशीनला सोताला लागतं. नवं दुसऱ्या फोल्डरमध्ये टाक. जरा बरं वाटलं की दाखवतो."

त्याच आठवड्यात त्याला कल्याणला दवाखान्यात ठेवलं. आई त्याच्याजवळ राहिली. तो घरी येईल तेव्हा सगळं तयार दिसावं, असं माझ्या मनात होतं. मी नवं टाकलं, पण कमांड दिली की जुनंच उघडायचं. वैतागून मी जुनं काढायला गेले. मशीन काढू देईना, तेव्हा जबरदस्तीनं काढायची कमांड पुस्तकात शोधून तीच दिली. त्यावर चालणारे मशीनचे प्रोग्रॅम एकेक करून बंद पडले. ते सावरायला मी आणखी काढघाल केली आणि शेवटी मशीन सुरूच होईना.

वर्गातली एक मैत्रीण शहापूरहून आली. म्हणाली, "सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल. आतलं काही ठेवायचंय का?"

"नाय, काय नाय," मी म्हणाले. माझे प्रोग्रॅम फ्लॉपीवर होते. दुसरं काही तेव्हा आठवलंच नाही.

आठवलं ते दवाखान्याच्या जिन्यात. आई औषधं आणायला गेली तेव्हा दादाला सांगितलं. त्यानं विचारलं, "आता चालू होतो ना?"

"हो."

"मग बस. शब्द आईकडं हायेत. आलो की परत लिहू."

तो आला नाही.

पुढे नवी व्हर्जनं आली तशी मी ती बाजूच्या फोल्डरमध्ये टाकत गेले, आणि जुन्याआधी नवं कसं उघडायचं तेही शिकले. एका ओळीचं काम होतं.

वर्षभरानं मी वही घेऊन आईजवळ बसले. खचलेल्या बांधाला काय म्हणतात, विचारलं. ती आठवत राहिली.

"तो इचारायचा तवा तोंडात यायचे," ती म्हणाली. "आता नाय आठवत गो." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पण त्यानं लिवलंय ना सगळं? मंग परत कशाला इचारतेस?"

"असंच," मी म्हणाले आणि वही मिटली.