न खेळलेल्या कार्डांचा भाव

मित्रांनो, लहानपणी बबलगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची कार्डं यायची, आठवते का? ती जमवणारा गोंदियाचा एक माणूस आज आपल्या धाब्यावर आला होता. मी ग्रुपवर माझ्याजवळच्या कार्डांचा फोटो टाकला होता ना, तो पाहून.

कार्डं हातात घेऊन तो पाहतच राहिला. म्हणे, "भाऊ, इतना साफ माल कहीं नहीं मिलता. सबने खेल-खेल के खराब कर दिए. आप खेले नहीं क्या?"

बाबांच्या काउंटरवर बबलगमची बरणीच होती, म्हणून कार्डं भरपूर. पण कोहमाऱ्याच्या या चौकात तेव्हा नुसते ट्रक. कार्डामागं रन लिहिलेले असत; ज्याचे जास्त, त्यानं दुसऱ्याचं कार्ड घ्यायचं. त्याला समोर कोणी पाहिजे ना!

त्यानं भाव चांगला दिला. एक कार्ड मात्र परत सरकवलं. "इसका कोना मुड़ा है. ये नहीं चलेगा."

मी लगेच ओळखलं. एकदा रायपूरची बस इथं पंक्चर झाली होती. त्यातली एक पोरगी माझ्यासंगं खेळली. हरली, तर रागानं या कार्डाचा कोपराच दुमडला तिनं. तेवढ्यात बस निघाली.

बाकी सारी कार्डं गेली. हे समोर ठेवून लिहून राहिलो.

तुमच्याजवळ आहे का असं कोपरा दुमडलेलं एखादं? असेल तर या घेऊन. तुमचं एक, माझं एक. एक डाव तरी होईल.