साक्ष नको म्हटलं होतं

नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस मशीनखाली ह्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी दवाखान्यातच मला सांगितलं, “देवानं अंगठा राखला, त्याचे उपकार माना.” मी उपकार मानले, पण त्या बाईंशी त्यानंतर फारसं बोलले नाही.

खरं दुःख पुढेच होतं. कंपनीनं सरळ हात वर केले. म्हणे मशीनला गार्ड होता, माणसानंच झोपेत हात घातला. हात आत जाऊ नये म्हणून पुढे जी जाळी बसवतात, तो गार्ड. हे सांगत होते की त्या दिवशी गार्ड नव्हताच. पण तसं म्हणणारं दुसरं कोणी पुढं येईना. आयुष्यभर नेकीनं काम केलेला माणूस झोपाळू ठरणार होता आणि भरपाईही हातची जाणार होती. लेबर कोर्टात तारखा सुरू झाल्या.

मग दर मंगळवारी आमच्या घरी प्रार्थना सुरू झाली. पाळकसाहेब कधी यायचे, कधी नाही. पण ह्यांचे शिफ्टमधले जोडीदार, जे आमच्याच मंडळीतले, ते मात्र न चुकता हजर. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. पूर्वी हा माणूस सणासुदीलाही आमच्याकडे फिरकत नसे. आता पेरूची पिशवी काय, गळका नळ बदलून देणं काय, गॅसची टाकी उचलून आत आणणं काय! मला तेव्हाच खटकलं. कंपनीत अजून नोकरीला असलेला माणूस एवढा गोड का वागतोय? हे डाव्या हातानं काय काय करू शकतात, ते बघून वर साहेबांना कळवत असणार, असं माझं पक्कं मत झालं.

मी ह्यांना तसं बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, “पेरू चांगले हायेत, खा.”

एका मंगळवारी प्रार्थना चालू असताना मी डोळे उघडून भाऊजींकडे बघितलं. त्यांचेही उघडेच होते. ह्यांच्या हाताकडे टक लावून बघत होते. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणाऱ्या माणसाचा काय भरवसा? मी ठेवले होते ते वेगळ्या कारणानं.

त्यानंतर मी चहा द्यायला गेले की हे दोघं गप्प व्हायचे. एकदा मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दाराआड थांबले. भाऊजी म्हणत होते, “माझ्यानं हुईना.” हे म्हणाले, “हुईल. घाई न्हाई.” काय होईना, कशाची घाई नाही, काही पत्ता लागला नाही. मनात मात्र पाल चुकचुकली. मला वाटलं, केस मागं घ्यायला लावताहेत.

पुढच्या खेपेला जाताना भाऊजी दाराशी घुटमळले. चपलेत पाय घातला, पुन्हा काढला.

“वहिनी, मला साक्ष द्यायचीय. तुमास्नी इचारल्याबिगर नगं म्हणलं.”

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे रविवारी उपासना संपायच्या आधी साक्षीची वेळ असते. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते लोक उभं राहून सांगतात. कोणाच्या मुलीला नोकरी लागते, कोणाचं ऑपरेशन पार पडतं. आता हा माणूस तिथं उभा राहून ह्यांच्या तुटक्या हातावर बोलणार आणि मागच्या बाकांवरून सगळे माना वळवून आमच्याकडे बघणार!

“काही गरज नाही,” मी म्हटलं. “आमचं दुःख लोकांत वाटायला ठेवलेलं नाही. साक्ष नको.”

त्यांचा चेहरा एकदम उतरला. चपला घालून गेले. रविवारी साक्षीच्या वेळेला मी त्यांच्यावर डोळा ठेवून होते. ते मान खाली घालून बसून राहिले. बरी जिरली, असं मला वाटलं.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात भाऊजी दिसले. अंगात रविवारचा इस्त्रीचा शर्ट. कंपनीचे साहेब पलीकडेच उभे होते. मी ह्यांना कोपरानं ढोसलं, “बघा, म्हटलं नव्हतं मी?”

भाऊजींच्या नावाचा पुकारा झाला. बोलावलं होतं आमच्या वकिलांनी. भाऊजी उभे राहिले आणि म्हणाले, “गार्ड मी काढला हुता. साहेबांनी सांगितलं, काम उरकत न्हाई, काढ. ह्ये माझे जोडीदार नगं म्हणत हुते. तरी मी काढला.”

पलीकडचे साहेब ताडकन उठले. त्यांच्या वकिलांनी भाऊजींना उलटंसुलटं विचारलं, पण ते तेच सांगत राहिले. त्यांची नोकरी गेली हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.

बाहेर आल्यावर ते माझ्यासमोर उभे राहिले. वर बघेनात. “वहिनी, तुमी नगं म्हणला हुता, तरी दिली.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ते कुठल्या साक्षीबद्दल विचारत होते. “मला वाटलं रविवारची,” एवढंच माझ्या तोंडून निघालं. ते गेटकडे चालू लागले. त्यांच्याबरोबर कोणीच गेलं नाही.

मी ह्यांच्याकडे वळले. “तुम्हाला ठाऊक होतं? गार्ड भाऊजींनीच काढला ते?”

“व्हय. माझ्यासमोरच काढला की.”

“आणि दर मंगळवारी त्यांच्या शेजारी बसून प्रार्थना करत होतात? मला एका शब्दानं सांगितलं नाही?”

“तू त्याला दारात उभा केला नसतास.”

ते खरंच होतं. “आणि आज ते आलेच नसते तर? काय केलं असतं आपण?”

ह्यांनी डाव्या हातानं शर्टाची बाही खाली ओढून घेतली. “हात तर गेलाच हुता,” हे म्हणाले. “त्यालाबी घालवून काय मिळालं असतं?”

मला ह्यांचा भयंकर राग आला. रिक्षा ठरवताना मी रिक्षावाल्याशी कडाकडा भांडले, आणि आत बसल्यावर घर येईपर्यंत रडले.