काजव्याचा पहिला नंबर

कणकवलीहून सुटलेली एसटी सकाळी साडेसातला बोरिवलीला पोचली. माझ्याकडे दोन पिशव्या होत्या, त्यातली एक रिकामी. धाकट्या भावाचे कपडे तीत भरायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने त्याला घेऊन परत फिरायचं, एवढंच ठरवून मी निघाले होते. मुंबईला मी अकरा वर्षांनी येत होते. तेवढीच वर्षं रमू आणि मी एकमेकांशी बोललो नव्हतो.

रमू बेंजो वाजवायचा. बेंजो म्हणजे डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या, असं पेटीसारखं वाद्य. मुंबईत हळदीला, गणपतीच्या आगमनाला, जयंतीच्या मिरवणुकीला बेंजो पार्टी लागते. रमूची आठजणांची पार्टी होती, नाव ‘काजवा’. आमच्या घरात त्याला कुणी कलाकार म्हटलं नाही. बाबा ‘वाजंत्री’ म्हणायचे. मीही तेच म्हणायचे, आणि मी तर शाळेत शिकवत होते.

चार महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्याची बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. हे सगळं मला त्याच्या शेजारणीने, मीनलने, फोनवर कळवलं.

रिक्षावाला चारकोपला सेक्टर शोधत दोनदा चुकला. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळी बैठी घरं सारखी, वर एकेक मजला चढवलेली. शेवटी एका दारात उभी असलेली बाई हात हलवू लागली.

“कणकवलीच्या आक्का ना? येवा. बस गो बाय, दमलंस.” मालवणी बोली ऐकून मला बरं वाटलं. मीनल मूळची मालवणकडची, इथे एका दवाखान्यात कामाला. तिचा नवरा काजव्यात ढोल वाजवायचा.

आत खुर्चीत रमू बसला होता. केस पांढरे झाले होते. मी समोर उभी राहिले. त्याने बराच वेळ पाहिलं, तोंड वाकडं करून प्रयत्न केला आणि म्हणाला, “आक्का.”

मीनल म्हणाली, “एवढे दोनच शब्द उरलेत त्याच्याकडे. ‘हो’, आणि हा. आम्हाला कळेचना आक्का कोण ते. मग त्याच्या जुन्या वहीत तुमचा नंबर सापडला.”

मी हातपाय धुवायला म्हणून मोरीत गेले आणि तिथे थोडा वेळ उभी राहिले.

घावणे खाताना मीनलने विषय काढला. काजवा आता बंद झालाय, पण त्याची माणसं आहेत. दर रविवारी जमतात, जुनी रेकॉर्डिंग ऐकतात आणि भांडतात, की काजव्याचं सगळ्यात भारी वाजवणं कुठलं. “उद्या तुम्ही त्याला नेणार. आजचा दिवस आम्हाला द्या. यादी पक्की करायची आहे. आणि ती त्याला घेऊन, त्या त्या जागी जाऊन करायची आहे.”

मला ते पोरकट वाटलं. पण चार महिने माझ्या भावाला जेऊ घालणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं?

दहा वाजता काजव्याचा पक्का चाहता प्रदीप आला. पस्तिशीचा, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम करणारा. काखेत जाड वही. काजव्याची जवळजवळ प्रत्येक सुपारी (वाजवण्याचं काम) तिच्यात लिहिलेली होती. कुठे, किती वाजता, कुठल्या चालीवरून कुठल्या चालीत गेले, किती मिनिटं. मी शाळेत तपासलेल्या वह्यांतही असं नेटकं अक्षर क्वचित पाहिलं होतं.

मीनलने दवाखान्यातून चाकाची खुर्ची आणली होती. रमूला तीत बसवून आम्ही चौघं मेट्रोने निघालो. डी. एन. नगरला गाडी बदलली. सगळा वेळ त्या दोघांचं चालूच होतं.

“मुलुंडचं आगमन तिसरं. फिक्स,” प्रदीप म्हणाला.

“तिसरं कसलं रे? कीबोर्डवाला दोनदा चुकला त्यात.”

“चुकला म्हणून तर रमूदादाने सांभाळून घेतलं ना! ते सांभाळणं ऐक. त्याच्या चुकीच्या सुरावरूनच पुढची चाल उचलली यार. असं कोण करतं?”

“बरं, तिसरं. पण दुसऱ्या-पहिल्यात मी ऐकणार नाही.”

रमू खिडकीबाहेर बघत होता. पण त्याचा डावा हात मांडीवर चालू होता. बोटं बटणं दाबल्यासारखी उठत, पडत होती. उजवा हात नुसता ठेवलेला होता. मी तो उचलून माझ्या हातात घेतला. तो गार होता.

साकीनाक्याला उतरलो. तिथली गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना गाळेच गाळे. कुठे पत्रा कापताहेत, कुठे रेक्झिनच्या बॅगा शिवताहेत. रविवारीही निम्मे गाळे उघडे होते. खुर्ची ढकलताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. समोरच्या बॅगवाल्याने हात पुढे केला, “इधर दो, मौसी.” जाड सुईने टाके घालता घालता त्याने खुर्चीकडे पाहिलं आणि त्याचा हात थांबला.

“बेंजोवाले ना हे? जयंतीला आले होते ते?”

मीनल एकदम पुढे झाली. “तुम्ही होतात त्या दिवशी?”

तो होता. मग मला ती हकिकत कळली. मिरवणूक याच गल्लीत असताना टेम्पोवरचा जनरेटर बंद पडला. स्पीकर गेला. माणसं ओरडायला लागली. ढोलवाल्यांनी जोर धरला, तर रमूने हात वर करून त्यांना थांबवलं. टेम्पोवरून खाली उतरला, एका गाळ्याच्या पायरीवर बसला, बेंजो मांडीवर घेतला आणि तसाच वाजवू लागला. त्या तारांचा आवाज चार हातांपलीकडे पोचत नाही. पुढचे गप्प झाले, मग मागचे, मग सगळी गल्ली.

“मशीन बंद केली मी,” बॅगवाला म्हणाला. “कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप बंद केली. बाजूवाल्यानेपण.”

“ऐकलंस?” मीनल प्रदीपला म्हणाली. “हाच पहिला नंबर.”

“रेकॉर्डिंग कुठाय?” प्रदीप म्हणाला. “माझ्या फोनवर कोणीतरी पाठवलेलं आहे, त्यात फक्त एकाचा खोकला ऐकू येतो. माझीच गल्ली, माझ्याच घरासमोर, आणि मी तेव्हा ड्यूटीवर! मी ऐकलंच नाही, तर नंबर कसा देऊ?” तो चिडून बोलत होता, पण डोळे भरले होते.

बॅगवाल्याने चप्पल माझ्या हातात दिली. रमूपुढे येऊन त्याने त्याच्या दोन्ही गुडघ्यांना हात लावला आणि परत मशीनवर जाऊन बसला. माझ्या भावाच्या पाया पडणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

जेवण प्रदीपच्या घरी झालं. त्याच्या आई सोलापूरकडच्या. त्यांनी भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची) केली होती. रमूला त्या स्वतः कुस्करून भरवत होत्या. “याच्यामुळं माझं पोरगं हसतं घरात,” त्या मला म्हणाल्या. “वडील गेल्यावर दोन वर्षं बोलत नव्हतं. एका हळदीत यांचं वाजवणं ऐकून आलं आणि वही घेऊन बसलं.”

चारच्या सुमारास घाटकोपरला पोचलो. टेकडीवर चढत गेलेली वस्ती, मधून जेमतेम टेम्पो जाईल एवढा रस्ता. एका वळणावर पिंपळाचा पार होता. तिथे खुर्ची टेकवली, चहा मागवला. प्रदीपने छोटा स्पीकर काढला.

“हे माझं पहिलं,” तो म्हणाला. “घाटकोपरची हळद. अडतीस मिनिटं, मध्ये एक श्वाससुद्धा नाही. कोळीगीतावरून सुरू होतं आणि मग दादा कुठे कुठे जातात त्याचा पत्ता लागत नाही. ढोलवाले शेवटी नुसता ठेका धरून बसले. आम्हाला कोणालाच कधी कळलं नाही, त्या दिवशी यांना झालं काय होतं.”

“ते यादीत नको,” मीनल म्हणाली.

“दर वेळी हेच! कारण सांग ना.”

“नको म्हटलं ना.”

प्रदीपने वही उघडून माझ्यापुढे धरली. “ताई, तुम्ही बघा. एकाही वाजवण्यासमोर मी एवढं लिहिलेलं नाही.”

मी पान पाहिलं. वरच्या कोपऱ्यात तारीख होती.

ती तारीख मला वही नसतानाही पाठ होती. त्या दिवशी दुपारी बाबा गेले. चारला मीच रमूला फोन केला. “निघतो,” म्हणाला. आम्ही संध्याकाळपर्यंत बाबांना अंगणात ठेवलं, मग उचललं. रमू दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर गावातल्या कुणीतरी फोनवर एक व्हिडिओ दाखवला होता. बाबा अंगणात असताना रमू हळदीत वाजवत होता. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, “बाप अंगणात होता आणि तू लोकांना नाचवत होतास. परत तोंड दाखवू नकोस.” तो त्याच गाडीने परत गेला.

मी वही मिटली. मीनल माझ्याकडेच बघत होती.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“होतं. मी त्या दिवशी पार्टीबरोबर आले होते. नवरीला हळद लागली होती, खाली चौकात सगळी माणसं. टेम्पो या वळणावर अडकलेला. फोन आला तेव्हा माझा नवरा त्याच्या बाजूलाच होता. म्हणाला, रमू, उतर, आम्ही बघतो. रमू म्हणाला, दहा मिनिटं. आणि मग थांबेचना. वाजवून झाल्यावर इथेच, या पारावर बसला. मी पाणी दिलं. म्हणाला, वहिनी, थांबलो असतो ना, तर ते खरं झालं असतं. कोणाला सांगू नको म्हणाला, लग्नघर आहे.” तिने पदराने तोंड पुसलं. “हे काय नंबर द्यायचं वाजवणं आहे, आक्का? माणूस रडतो त्याला कोण नंबर देतं?”

प्रदीपचा चेहरा उतरला होता. “मी ते हजार वेळा ऐकलंय,” तो हळूच म्हणाला. “मित्रांना ऐकवलंय. वडील गेल्यावर मला त्यानेच... मला काय माहीत, यार.”

चारला निघाला असता तरी रमू पहाटेच्या आत कणकवलीला पोचला नसता. आम्ही संध्याकाळीच उचललं होतं. हा साधा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवला असता. अकरा वर्षांत स्वतःसाठी केला नाही.

मी त्याच्यासमोर खाली बसले. “रमू, माझं चुकलं रे. तेव्हा तुला विचारायला हवं होतं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “हो,” म्हणाला. ते मला उत्तर होतं की त्याच्याकडे उरलेला नुसता एक शब्द, मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रदीपने विचारलं, “दादा, लावू का?”

रमूच्या गळ्यातून आधी नुसता आवाज आला. मग मान हलली आणि एक शब्द बाहेर पडला, जो झटक्यानंतर कुणीच ऐकला नव्हता.

“नको.”

प्रदीपने स्पीकर बंद केला. खिशातून पेन काढलं, त्या पानावर सरळ एक रेघ मारली आणि पहिल्या नंबरासमोर लिहिलं, ‘साकीनाका’. कंसात लिहिलं, ‘मी ऐकलेलं नाही’. मीनल जिंकली होती, पण ती पाराकडे पाठ करून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरताना मी रमूला विचारलं, “येतोस ना माझ्याबरोबर?”

“हो.”

मीनल कपड्यांची घडी घालत होती. “आक्का, तो सगळ्यालाच हो म्हणतो,” ती म्हणाली. “इथे राहतोस का विचारलं तरी हो म्हणेल.” मी पिशवीचा बंद ओढून गाठ मारली. रक्ताचं माणूस मी होते, आणि त्या एका गोष्टीवर मी त्याला घेऊन निघाले. बोरिवलीला गाडी सुटेपर्यंत दोघं खिडकीखाली उभे होते. प्रदीपने मला विचारून ते घाटकोपरचं वाजवणं माझ्या फोनवर पाठवलं. “यादीत नाही,” म्हणाला. “पण पुसायला हात होत नाही.”

रमूला गावी येऊन आता आठ महिने झाले. पायरी उतरतो, अंगणात बसतो. गावची माणसं चांगली आहेत. येताजाता विचारतात, जेवला का, औषध घेतो का, पाय कसा आहे. त्याने काय वाजवलं हे कुणी विचारत नाही. रविवारी चारकोपहून फोन येतो. मी तो त्याच्यासमोर ठेवते. मुलुंड वर की खाली, यावरून पलीकडे दोघं कडाडून भांडतात, आणि तेवढा वेळ माझ्या भावाच्या चेहऱ्यावर जे असतं, ते आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत नसतं. मी त्याला योग्य जागी आणलं का, हे मला कळत नाही.

ती अडतीस मिनिटं मी एकदा, एकटीने, शेवटपर्यंत ऐकली. मग मीनलने फोनवर विचारलं, “तुमचं काय मत, आक्का?” एवढ्या वर्षांत एकदा जरी मुंबईच्या रस्त्याच्या कडेला उभी राहून मी त्याला ऐकलं असतं, तर त्यांच्या भांडणात माझाही एक आवाज असता. मी त्याला न्हाऊ घालते, भरवते, रात्री पांघरूण घालते. त्याच्यासाठी भांडायला मात्र माझ्याकडे काहीच नाही.