मापाचा कोट

शिवणमावशी टेप लावायच्या, ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. बाई दुकानाची पायरी चढेपर्यंत तिचं माप मावशींच्या डोळ्यांत उतरलेलं असायचं. तरी टेप लावायचा, कारण तेवढ्या वेळात बाया बोलायच्या. हात वर करून उभ्या असलेल्या बाईला गप्प राहणं जमत नाही. कुणाचा नवरा घोरतो, कुणाची सून दारं आपटते, सगळं मावशींच्या कानावर यायचं आणि तिथेच थांबायचं. "पोट आत ओढू नका हो वहिनी, घरी गेल्यावर सोडणारच आहात ना?" असं म्हणून त्या हसवायच्या. गावातल्या झाडून सगळ्या बायकांच्या अंगाला त्यांचा हात लागलेला होता आणि कुणाला त्यात काही वाटत नव्हतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, कापायचं टेबल, बसायला बाक, कोपऱ्यात ट्रायलचा पडदा. पडद्यामागेच आतलं दार, आणि आत नर्सबाई. दवाखान्यात नोकरीला होत्या, आणि कित्येक वर्षं मावशींकडेच राहत होत्या. गाव त्यांना 'मावशींची मैत्रीण' म्हणायचं. मैत्रीण म्हणताना जरासं अडखळायचं, पण पुढे जायचं. दोघींचं स्वयंपाकघर एक, छत्री एक, आणि भांडणही एकच : मशीनवर चहाचा कप ठेवायचा की नाही. नर्सबाईंचे सगळे कपडे मावशीच शिवायच्या आणि त्यांना टेप कधी लावला नव्हता. थंडीत अंग भरतं, डावा खांदा किंचित उतरता आहे, हे त्यांच्या कात्रीलाच पाठ होतं.

चूक झाली ती सवयीनं. एका सकाळी नर्सबाई कामावर निघाल्या आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाचं गळ्याचं बटण लोंबत होतं. मावशींनी त्यांना दुकानातच थांबवलं आणि कोट अंगावर असतानाच बटण लावून टाकलं. हातात सुई असली की दोरा तोडायला कात्री कोण शोधतं? मावशींनी मान वाकवली आणि नर्सबाईंच्या गळ्यापाशी दोरा दातानं तोडला. तोडला, पण मान लगेच वर घेतली नाही. नर्सबाईंनी डोळे मिटून घेतले होते. घरात हे नेहमीचं होतं. त्या दिवशी बाकावर बाया बसल्या होत्या, एवढंच मावशी विसरल्या.

कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या गावात तोंडावर बोलायची हिंमत कुणाला नसते. दुसऱ्या दिवसापासून ज्या बाया आल्या, त्यांनी पिशवीतून जुने कपडे काढले. "मापाला हा घ्या, मावशी. उगाच तुम्हाला त्रास." एकीला घाई होती, दुसरीची पाठ धरली होती. मापाचा कपडा दिला की अंगाला हात लावायचं कारण उरत नाही, हे सगळ्यांना एकाच आठवड्यात कसं सुचलं कोण जाणे!

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. लाज वाटायला हवी होती त्या बायांना, आणि वाटू लागली मावशींना. टेप त्यांनी गळ्यातून काढून खणात टाकला. कुणी जवळ आलं की त्या हात मागे घेऊ लागल्या. आतून नर्सबाईंची हाक आली तर ऐकू न आल्यासारखं करू लागल्या.

"टेप कुठाय गं तुझा?" नर्सबाईंनी विचारलं.

"सापडत नाहीये."

"गळ्यातला टेप सापडत नाही?"

मावशींनी मशीनच्या सुईत दोरा ओवायला घेतला. नर्सबाईंनाही दवाखान्यात तेच ऐकावं लागत होतं. सुई टोचायची वेळ आली की बाया म्हणायच्या, दुसऱ्या सिस्टरना बोलवा. "सुई तीच असते, ताई," असं म्हणून त्या आपलं काम करायच्या. "मी मान खाली घालणार नाही," त्या मावशींना म्हणाल्या. "आणि माझ्या वाटची तूही घालू नकोस."

मग एका दुपारी शाळेच्या मोठ्या बाई आल्या. मुलींचे गणवेश मावशींकडेच शिवले जायचे आणि दुकान त्यावरच तग धरून होतं. तेव्हा नर्सबाई पडद्यामागे नवा कोट घालून बघत होत्या. मोठ्या बाईंना ते माहीत नव्हतं.

"माझं काही म्हणणं नाही हो," त्या म्हणाल्या. "पण पालक विचारतात. मुलींचा प्रश्न आहे. तुमच्या घरात त्या राहतात... त्या कोण लागतात तुमच्या?"

मावशींनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली नर्सबाईंची पावलं दिसत होती.

"कोणी नाही," मावशी म्हणाल्या. "भाडेकरू आहे. जाणारच आहे आता."

"मला वाटलंच! लोकांच्या जिभेला काही हाड असतं का?" मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला. "गणवेश तुमच्याकडेच. मापाला मुलींचे जुने कपडे पाठवून देते."

त्या गेल्यावर पडदा सरकला. नर्सबाईंनी नवा कोट घडी करून टेबलावर ठेवला आणि त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, ऐक तरी. शाळेचं काम गेलं असतं तर दुकान..."

"वाचलं ना दुकान? मग झालं तर."

त्याच संध्याकाळी नर्सबाई दवाखान्यामागच्या खोलीत राहायला गेल्या.

काही दिवसांनी त्या परत आल्या, पण रस्त्यानं, दुकानाची पायरी चढून. बाकावर दोन बाया बसल्या होत्या. नर्सबाईंनी पिशवीतून जुना कोट काढून टेबलावर ठेवला.

"असाच एक शिवायचाय. मापाला हा घ्या, बाई."

"तुझं माप मला पाठ आहे," मावशी हळूच म्हणाल्या.

"भाडेकरूचं माप कशाला पाठ ठेवता?"

बाकावरच्या बाया कान टवकारून ऐकत होत्या. मावशींनी कोट उचलला. गळ्याचं बटण अजून घट्ट होतं. त्या वेळी त्यांना बोलता आलं असतं. नर्सबाई वाट बघत उभ्याच होत्या, आणि माझ्या मते त्या कोटासाठी आल्याच नव्हत्या.

"पुढच्या आठवड्यात या," मावशी म्हणाल्या. कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणावं तसं.

नर्सबाई पायरी उतरून गेल्या. तशी बाकावरची एक बाई उठली. तिनं पिशवीतला मापाचा ड्रेस बाहेर काढलाच नाही. "मावशी, आज अंगावरच घ्या माप," असं हसून म्हणाली आणि हात वर करून उभी राहिली.

मावशींनी खणातून टेप काढला. तिच्या कमरेला तो लावताना त्यांना स्वतःच्या हातांची किळस आली.