सात मिनिटांची हलगी

तिसऱ्या टेकलाही हलगी चौथ्या मिनिटाला बसली. म्हणजे तिचा आवाज उतरला. कडाडणारं वाद्य पुठ्ठ्यासारखं वाजू लागलं. गाणं सात मिनिटांचं होतं.

कर्वेनगरच्या एका सोसायटीच्या तळघरात आमचा स्टुडिओ आहे. मी तिथे रेकॉर्डिंग इंजिनिअर आहे. रेकॉर्डिंगला आलेल्या बँडचा हा पहिलाच अल्बम. प्रकार सायकेडेलिक फोक: खाली लोकसंगीताचा ताल, वर गिटारचे लांबलेले, गरगरणारे सूर. ऐकणाऱ्याला किंचित तरंगल्यासारखं वाटावं, ही अपेक्षा. इरा ही बँडची गायिका, गिटारिस्ट आणि प्रमुख. हलगी वाजवणारे सुदामकाका कात्रजच्या पुढचे, साठी ओलांडलेले. बाकी सगळे तिशीच्या आतले. त्या दिवशी अल्बममधलं शेवटचं गाणं उरलं होतं आणि स्टुडिओ दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्यांना दिलेला होता.

हलगीचं चामडं जाळावर शेकावं लागतं. ते ताणलं की आवाज चढतो, थंड झालं की उतरतो. आमच्याकडे मशिनं तापू नयेत म्हणून एसी चालू असतो. काका प्रत्येक टेकआधी पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पेटवून हलगी शेकून आणत. ती चार मिनिटं टिके. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन पाहून गेले. आमच्याकडे होळी वर्षातून एकदाच असते, एवढंच त्यांनी सांगितलं. एसी बंद करून पाहिला. हलगीला अर्धं मिनिट जास्त मिळालं आणि गिटारी बेसूर झाल्या.

स्टुडिओचे मालक बापट सर कंट्रोल रूममध्ये आले. "सॅम्पल टाक आणि मोकळा हो," ते मला म्हणाले. सॅम्पल म्हणजे एक चांगला ठोका रेकॉर्ड करायचा आणि पुढचे सगळे कॉम्प्युटरकडून वाजवून घ्यायचे.

"मग कव्हरवर काकांचं नाव कशासाठी घालायचं, सर?" इरा म्हणाली. "एका ठोक्यासाठी?"

टॉकबॅकचं बटण दाबलेलं राहिलं होतं. आमचं बोलणं काचेपलीकडे काकांना ऐकू जात होतं. चूक माझी होती. काकांनी दोन्ही काठ्या पिशवीत ठेवल्या आणि पिशवीची नाडी ओढली.

मी आत जाऊन माफी मागितली. मग विचारलं, "काका, जत्रेत तासन्‌तास वाजवता तेव्हा हलगी बसत नाही का?"

"बसती की. म्हणून तर तीन असत्यात. एक वाजवायची, दोन जाळापाशी."

"मग इथे एकच का आणलीत?"

"तुमीच लिवलं हुतं."

लिहिलं होतं खरं. स्टुडिओची एक चेकलिस्ट आहे, ती आम्ही बुकिंगबरोबर पाठवतो. एका ड्रमरने झांजांच्या चार जोड्या आणून अर्धा दिवस खाल्ला, तेव्हा मीच तिच्यात ओळ घातली होती: एक वादक, एक वाद्य. काकांनी सूचना पाळली होती. आमच्याकडे ती पाळणारे ते पहिलेच.

इरा स्कूटरवरून कात्रजच्या पुढे काकांच्या घरी गेली आणि सव्वा तासाने दोन हलग्या घेऊन आली. आता प्रश्न जाळाचा होता. इराचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर जुन्या पद्धतीचा आहे, आत काचेचे व्हॉल्व्ह. तो चांगलाच तापतो. त्याच्यावर चहाचा कप ठेवायची कुणाला परवानगी नाही. काकांनी त्याच्या माथ्यावर तळहात ठेवला.

"ही चूल बरी हाय," ते म्हणाले.

इराने त्याच्यावरच्या वायरी बाजूला केल्या.

अ‍ॅम्प्लिफायर काकांच्या शेजारी आला, म्हणजे गिटारचा आवाज हलगीच्या माइकमध्ये शिरणार. मग नंतर काहीच वेगळं करून दुरुस्त करता येत नाही. सगळ्यांनी एकत्र, एका दमात वाजवायचं आणि जे येईल ते ठेवायचं, असं मी सांगितलं. बापट सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

एक अडचण होती. हलगी बदलताना चार मात्रा रिकाम्या जातात. तिथे काका आरोळी देतात. ती जागा गिटारने भरायची का, असं इराने विचारलं.

"भरू नका. जत्रंत त्याच वक्ताला लोक फुडं सरकत्यात."

पुढच्या टेकला चौथ्या मिनिटाला हलगी बसायला लागली. काकांनी आरोळी दिली. सगळे थांबले. चार मात्रा गेल्या आणि तापलेली दुसरी हलगी पहिलीपेक्षा चढ्या आवाजात कडाडली. गाणं जागच्या जागी वर उचललं गेलं. बास वाजवणारी मुलगी हसली. ते हसू रेकॉर्ड झालं, आणि आता ते काढता येत नाही.

अल्बमच्या कव्हरवर काकांचं नाव इराच्या खालोखाल आहे. बापट सर नव्या क्लाएंटना हेच गाणं ऐकवतात. मधली ती रिकामी जागा आम्ही ठरवून ठेवली होती, असं सांगतात.

चेकलिस्टमधली ती ओळ मी बदलली आहे: वादक नेहमी जेवढी वाद्यं बरोबर नेतो, तेवढी त्याने आणावीत. नेहमी कसं करता, हे मी सकाळीच विचारलं असतं, तर तीन टेक आणि सेक्रेटरींची भेट टळली असती.