गाण्यांसकट सिनेमा

माझ्या मोठ्या मामांइतके सिनेमे अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कुणी पाहिले नसतील, आणि त्यातला एकही त्यांनी शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. दोष मामांचा नाही, एसटीचा. बियाणं, खत, फवारणीचं औषध, काहीतरी निमित्त काढून ते वर्ध्याला जायचे, कोणता सिनेमा लागलाय हे न बघताच तिकीट काढायचे, आणि पडद्यावर सगळं अगदी गळ्याशी आलं की नेमकी त्यांच्या गावाकडची, केळझरची शेवटची गाडी सुटायची वेळ व्हायची. नायिकेला विहिरीच्या काठावर तशीच उभी सोडून मामा धोतर सावरत स्टँडकडे पळत. शेवट ते सेलू मागे पडल्यावर एसटीच्या खिडकीशी बसून स्वतःच तयार करत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारं गाव मामांच्या ओट्यावर सिनेमा ‘ऐकायला’ जमे. मामा आधी ‘सोळा रीळ, रंगीन!’ म्हणून सर्टिफिकेट वाचत. मग खलनायक मामाच, विधवा आई मामाच, घोडाही मामाच. पाऊस आला की पुढच्या रांगेवर तांब्यातलं पाणी शिंपडत. मध्येच ‘इंटरव्हल!’ असं ओरडून चहाला आत जात, आणि लोकही काही काम नसताना उठून चक्कर मारून येत. गावातल्या शिंप्यानं एकदा सासुरवाडीला मुक्काम करून एक सिनेमा पूर्ण पाहिला आणि येऊन तक्रार केली, “भाऊ, तुमच्या सिनेमात हिरोचा भाऊ जित्ता होता, थेटरात त मेला!” मामा शांतपणे म्हणाले, “थेटरवाल्यानं खराब रीळ लावली असन.” सगळ्यांना ते पटलं. शिंप्यालाही पटलं.

मामांचं घोडं पेंड खायचं ते फक्त गाण्यापाशी. त्यांनी सूर लावला की गोठ्यातली गाय दावं ओढायची. म्हणून गाणी म्हणायची त्यांची मुलगी, बेबी. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तिच्या गळ्यात जसंच्या तसं उतरे. मामा ‘गानं!’ म्हणाले की दाराआड कणीक मळता मळता ती सुरू करी, आणि ओट्यावर शेंगा फोडणारे हात थांबत. मी सुट्टीत तिथं जायचो तो खरं म्हणजे तेवढ्यासाठीच.

बेबी मॅट्रिक झाली त्या वर्षी वर्ध्याच्या एका गाण्याच्या बाईंनी तिला शिकवायची तयारी दाखवली. राहायची सोयही बाईंच्याच घरी होती. पण मामांनी साफ नकार दिला. “घरात गानं ठीक आहे. वर्ध्याले जाऊन शिकली त पाव्हने उंबऱ्यावरूनच परत जातीन.” इतका रसिक माणूस असं बोलला याचा मला भयंकर राग आला. बेबी भांडली नाही. तिनं गुणगुणणं तेवढं बंद केलं.

आणि त्याच आठवड्यात, तिकीट न बघता काढायच्या सवयीपायी, मामा गाणाऱ्या मुलीचा सिनेमा पाहून आले! कडक बाप, घरात रोजचा कलह, मुलीला गाण्याचं वेड. गाव जमलं होतं, सांगण्यावाचून सुटका नव्हती. बेबीनंही दाराआडून गाणी म्हटली, आणि त्या दिवशी ती अशी गायली की म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. गोष्ट रंगत रंगत बापानं तंबोरा अंगणात फेकला तिथवर आली, आणि मामा थांबले. एसटी तिथंच सुटली होती.

“मंग?” शिंपी म्हणाला.

मामा पाणी प्यायले. मग इतिहासात प्रथमच एका सिनेमात दुसरा इंटरव्हल जाहीर केला. कुणी जागचं हललं नाही. एरवी श्रोत्यांत कधी तोंड न उघडणारी मामी दारात आली. “काहो, बाप काय म्हने मंग?”

मामांनी दाराकडे पाहिलं. “मंग,” ते म्हणाले, “बाप अंगनात गेला. तंबोरा उचलला. पोरीले म्हने, ‘माय, माही चुकी झाली. तू जाजो, शिकजो. मी सोता पोचवून देतो.’”

“सिनेमात?” शिंप्यानं विचारलं.

“मंग काय माह्या घरात?” मामा गरजले. पण चारचौघांत सांगितलेला शेवट फिरवतील तर ते मामा कसले! बेबीची ट्रंक खांद्यावर घेऊन दुसऱ्या दिवशी तेच वर्ध्याच्या गाडीत चढले.

बेबी शिकली, पुढे गाणं शिकवूही लागली. एका सुट्टीत मी केळझरला गेलो, तर ओट्यावर मोजकीच माणसं होती. मामा सिनेमा सांगत होते. मध्येच थांबून म्हणाले, “इथं गानं आहे,” आणि गप्प बसले. लोकही बसून राहिले. मी हळूच विचारलं, “मामा, करमत नाही ना?”

“तिले पाठवलं की आपला सिनेमा बसनार, हे मले तवाच समजलं होतं,” मामा तितक्याच हळू म्हणाले. “पर तिचा गळा का आपल्या ओट्यापुरताच होता, बाप्पा?”

एवढं बोलून ते पुन्हा गप्प झाले. थोड्या वेळानं गाणं संपलं असावं, कारण त्यांनी पुढची गोष्ट सांगायला घेतली.