कुत्र्यासकट पहाडावर

"आपल्या लाडक्या मित्रासह आपला दिवस कसा गेला?" असा प्रश्न आणि त्याखाली पाच पोकळ तारे माझ्या फोनवर येऊन पडले, तेव्हा तव्यावर भाकर होती. ती करपली. लाडका मित्र म्हणजे आमचा कुत्रा. ज्याला ह्या रिसॉर्टवाल्यांनी जनरेटरच्या मागे बांधायला लावलं, तोच. आणि आता विचारतात, दिवस कसा गेला.

मी खामगावात शिवणाचे वर्ग घेते. मशिनींच्या खडखडाटात बोलून बोलून माझा आवाज मोठा झाला आहे, आणि स्वभाव तर आधीपासूनच तापट. घरात म्हणतात की माझ्याशी भांडायला येणाऱ्याने डबा बांधून यावं. तेव्हा त्या पाच ताऱ्यांचं मी काय करणार होते ते कुणीही सांगेल. पण ते तारे आज इतके दिवस झाले तरी तसेच पोकळ आहेत. का, ते सांगते.

माझे वडील वरवट बकालच्या पुढे, वावरातल्या दोन खोल्यांच्या घरात राहतात. आई गेल्यापासून एकटेच. एकटे म्हणजे ते, कुत्रा आणि दारातली जुनी चिंच. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आहे. जन्मभर त्यांनी ती वावरातूनच पाहिली, वर कधी गेले नाहीत. पेरणी झाली की निंदण, निंदण झालं की रानडुकरं, मग कापूस. जायला सवड कधी मिळालीच नाही. मागच्या दिवाळीत ओट्यावर बसले असताना एकदम म्हणाले, "अठून रोज पहाड दिसते. तठून आपलं वावर कसं दिसत असन व?"

त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. किती उरली आहे असं बाबांना विचारलं की एकच उत्तर यायचं, "दिसते व. कामापुरतं दिसते." मी त्यांना बजावून ठेवलं होतं, "ज्या दिवशी दिसनं बंद झालं, त्या दिवशी म्या तुमाले खामगावले नेते. अठी एकल्यानं राहू देनार नाई." त्यावर ते नुसतेच कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत बसायचे.

तर उरल्या नजरेत त्यांना पहाड दाखवायचा, वरून आपलं वावर दाखवायचं, हे मी मनावर घेतलं. अडचण एकच होती. कुत्र्याशिवाय ते कुठेही जायला तयार नव्हते. मला वाटलं, माया. म्हाताऱ्या माणसाची असते. मी फोनवर शोधून शोधून डोंगरातली कुत्र्यासकट जाता येतील अशी ठिकाणं काढली. तीन सापडली. दोन वाटेवरची, आणि तिसरं वरचं रिसॉर्ट, ज्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं, "श्वानांचं मनापासून स्वागत." कुत्र्याला सरकारी दवाखान्यात नेऊन सुई टोचून घेतली, कागद घेतला. माझ्या बाजूने कसर नको.

निघायच्या सकाळी मी वावरात पोचले तर कुत्रा धुळीने माखलेला. त्याच्या गळ्यात काळपट पडलेला सुती दोर आणि त्याला एक पितळी घुंगरू. बैल विकले तेव्हा त्यांची घुंगरमाळ घरात राहिली होती, त्यातलंच ते. मी कुत्र्याला हौदावर धुतलं, शाम्पू लावला, तो ओंगळ दोर कापून घुंगरू खुंटीला टांगलं आणि खामगावहून आणलेला लाल पट्टा त्याच्या गळ्यात बांधला. मोठ्या ठिकाणी जायचं, जरा नीटनेटकं नको का? बाबांनी त्याच्या गळ्याला हात लावून पाहिला. पट्टा चाचपला.

"चांगला दिसते?" त्यांनी विचारलं.

"निरा राजा दिसते," मी म्हटलं.

"मंग ठीक हाये."

नवरा गाडी चालवत होता. माझा नवरा शांत माणूस आहे. एका घरात दोन तोफा नकोत म्हणून देवानेच तशी सोय केली असावी.

पहिलं ठिकाण म्हणजे पायथ्याचं दत्ताचं देऊळ. यादीत लिहिलं होतं, परिसरात कुत्रे चालतात. आम्ही उतरतो न उतरतो तोच आतून एक जण हातात झाडू घेऊन "हाड, हाड" करत धावून आला. त्याच्या मागे भिंतीवर एवढं मोठं दत्ताचं चित्र, आणि देवाच्या पायाशी चार कुत्रे. मी म्हटलं, "दादा, मागं वळून पाहा जरा. ते चौघं कोन हायेत?" तो म्हणाला, ते देवाचे आहेत. मी म्हटलं, मग हा काय दैत्याचा आहे? नवरा मधे पडला, "परिसर म्हंजे बाहेरचा, आतला नाई." बाबा रस्त्याच्या कडेला कुत्र्याला धरून उभेच राहिले. मला म्हणाले, "माह्याकडून तूच हात जोडून ये." मी जोडले, पण देवाला जे सांगितलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

दुसरं ठिकाण तलावाकाठची बाग. तिथल्या पहारेकऱ्याने कुत्रा पाहिला, पाटी पाहिली आणि सांगितलं, "आत नेता येते, पन कडेवर घेऊन." मी दोनदा विचारलं. नियमच तसा होता. जमिनीला पाय लागता कामा नयेत. म्हणजे ज्यांचे कुत्रे पिशवीत मावतात त्यांच्यासाठी ही बाग. आमचा कुत्रा रानडुकरामागे धावणारा, त्याला कडेवर कोण घेणार? तर माझ्या नवऱ्याने घेतला. चारी पाय हवेत, जीभ बाहेर, आणि कुत्र्याच्या तोंडावर अशी लाज की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोक फोटो काढायला लागले. तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. बाबा एका झाडाच्या पाराला धडकून गुडघ्यावर आले होते. एवढा मोठा, चुन्याने रंगवलेला पार.

"ऊन डोयावर आलं," ते म्हणाले.

मी त्या पहारेकऱ्यावर तुटून पडले. बाजूला कुत्रा चालत असता तर म्हातारा माणूस पडला असता का, असं विचारलं. हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं होतं, आणि मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

मग घाट चढून रिसॉर्ट. फाटकावर कुत्र्याच्या पंजाचं चित्र, आत हिरवळ, हिरवळीवर पाण्याची वाटी, आणि वाटीपाशी जाकीट घातलेला एक गुबगुबीत लॅब्रॅडॉर. व्यवस्थापक हसत बाहेर आला. गाडीचं दार उघडलं, आमचा कुत्रा खाली उतरला आणि ते हसू गेलं.

"मॅडम, हा गावठी आहे?"

"मंग? तुमी कुठले?"

"तसं नाही मॅडम. आमच्याकडे पेट चालतात. पण असे... बाकीचे गेस्ट घाबरतात."

मी त्याला दवाखान्याचा कागद दाखवला. जाहिरात दाखवली. जाहिरातीत कुठे लिहिलंय की स्वागत फक्त जाकीटवाल्यांचं, ते दाखव म्हटलं. तो दर वाक्याला "मॅडम, प्लीज" म्हणत होता, आणि माणूस प्लीज म्हणायला लागला की मला जास्तच चढतं. ज्या मातीत हे रिसॉर्ट उभं आहे त्याच मातीतला कुत्रा इथे परका, आणि बाहेरून पाळायला आणलेला पाहुणा! शेवटी तोडगा निघाला. कुत्रा आत येईल, पण मागे, जनरेटरच्या खोलीपाशी बांधलेला राहील. फिरवताना पट्टा आखूड धरायचा.

जेवायला बसलो तर बाबा जागेवर नाहीत. शोधलं. नवऱ्याने त्यांना कुत्र्यापाशी पोचवलं होतं. जनरेटरच्या घरघराटात एका उपड्या बादलीवर ते बसले होते, मांडीवर ताट. पोळीचा पहिला तुकडा कुत्र्याला, मग आपण, हा त्यांचा रोजचा रिवाज तिथेही चालला होता. डिझेलचा वास नाकात जात होता. माझा बाप जन्मात एकदा पहाड चढला, आणि त्याचं ताट डिझेलच्या डब्यांपाशी! मी ओरडले, इतकी ओरडले की आतले लोक खिडकीत आले.

"कशाले भांडून राह्यली बाई," बाबा म्हणाले. "अठी सावली हाये."

चार वाजता आम्ही कड्याकडे निघालो. त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. पायऱ्या ओबडधोबड होत्या. बाबांनी कुत्र्याला पुढे जायला सांगितलं, पण लाल पट्टा माझ्या हातात आखूड धरलेला, तो बिचारा माझ्या पायात घुटमळत राहिला. बाबा नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी पायाने चाचपत चढले. वर पोचतो तर कठड्यापाशी आणखी एक पहारेकरी. कुत्रा कठड्यापर्यंत न्यायचा नाही म्हणे. आता मात्र मी कंबर कसली. पट्टा नवऱ्याच्या हाती दिला आणि त्या माणसाला सकाळपासूनचं सगळं ऐकवलं, देवळापासून जनरेटरपर्यंत. तो ऐकत होता आणि मी सुनावत होते. मनात आणखी एक मजकूर जुळत होता, घरी गेल्यावर फोनवर लिहायचा तो. एकेक वाक्य घासूनपुसून तयार करत होते.

"दिसलं," बाजूने बाबांचा आवाज आला. "आपलं वावर दिसलं. ती चिंच बी दिसली."

मी वळून पाहिलं. बाबा कातळाच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. सगळं खोरं, सगळी वावरं त्यांच्या पाठीमागे. चार हातांवर नुसता काळा दगड, आणि त्याच्याकडे पाहून ते हसत होते.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांचा हात धरून मी त्यांना तरातरा खाली आणलं, व्यवस्थापकाला जाता जाता आणखी एकदा झापलं, कारण कुणाला तरी झापल्याशिवाय मला राहवत नव्हतं, आणि आम्ही घाट उतरलो. माझ्या मनात हिशेब ठरला होता, उद्याच बाबांचे कपडे भरायचे.

वावरात पोचलो तेव्हा उजेड होता. बाबा गाडीतून उतरले, दाराची चौकट हाताने शोधली आणि विचारलं, "घुंगरू कुठी ठेवलं व?"

मी खुंटीवरून काढून दिलं. त्यांनी एक सुतळी घेतली, घुंगरू ओवलं, लाल पट्टा सोडून माझ्या हातात दिला आणि सुतळी कुत्र्याच्या गळ्यात बांधली. "चाल," म्हणाले. कुत्रा पुढे निघाला. छुन्, छुन्. बाबा त्या आवाजामागे निघाले. मोकळे हात हलवत, धुऱ्याच्या अरुंद बांधावरून, दोन्ही बाजूंना ओल्या सऱ्या. विहिरीपाशी आवाज थांबला तसे तेही थांबले. मोटार चालू केली, पाण्याखाली हात धरून पाहिला, बारं फोडून वांग्यांच्या वाफ्यात पाणी सोडलं आणि परत फिरले. त्यांना गाठायला मी मागे धावत होते. दोनदा माझाच पाय घसरला.

सकाळी मी कात्रीने तो दोर कापला होता. देवळातल्या माणसाने नाही, पहारेकऱ्याने नाही, त्या मॅडम-मॅडम करणाऱ्याने नाही. पाराला बाबा धडकले ते माझ्यामुळे. दगडाकडे तोंड करून उभे राहिले तेही.

"काऊन नाई सांगतलं मले?" मी विचारलं. माझा आवाज चढलेलाच होता, दुसरा मला येत नाही.

"सांगतलं असतं तं तू आजच सामान भरलं असतं," ते म्हणाले. "अन् तू इतक्या हौसेनं धुतलं त्याले. म्हटलं, एक दिवस जाते निघून."

मी ओट्यावर बसले. तेही बसले. कुत्रा मधे. उत्तरेकडे पहाड होता, त्यांनी बरोबर तिकडेच तोंड केलं.

"मले तं नाई दिसलं," ते हळूच म्हणाले. "पन तू होती ना वर. सांग, कसं दिसते व तठून आपलं वावर? चिंच दिसते का?"

आणि मला सांगता येईना. मी सबंध वेळ कठड्याकडे पाठ करून भांडत होते. मी खाली पाहिलंच नव्हतं.

नवऱ्यानेही पाहिलं नव्हतं, तो पट्टा धरून कुत्र्यासकट कठड्यापासून लांब उभा होता. खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. बाबांनी दगडाकडे पाहून माझ्यासाठी सांगितलं तसं. पण "नाई पाह्यलं बाबा," मी म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि कुत्र्याच्या कानामागे खाजवत राहिले.

खामगावची गोष्ट मी त्यानंतर काढलेली नाही. बॅग भरली नाही. दर आठवड्याला जाते आणि सुतळी झिजली का ते बघते. रिसॉर्टवाल्यांचे पाच तारे अजून फोनवर आहेत. लिहायचा मजकूर तोंडपाठ आहे आणि त्यातला एकही शब्द मी कमी करणार नाही. पण आधी परत जायचंय, बाबा आणि कुत्रा दोघांना घेऊन, घुंगरासकट. फाटकावर जो अडवेल त्याला नंतर बघून घेईन. आधी कठड्यापाशी जाऊन खाली चिंच शोधायची आहे.